काउंटरवरचा शब्द

४ जानेवारी

आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानाला डाग काढायची औषधं विकणारा तो सेल्समन यंदा सूट द्यायची सोडून ही डायरी देऊन गेला. फुकट आली म्हणून लिहायची, नाहीतर मला कसली हौस. आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग बघितले, आता स्वतःचे कशाला उतरवून ठेवायचे. पण कोरी पानं वाया गेलेली मला बघवत नाहीत.

तर आजची बातमी अशी की कुत्री लंगडते आहे. बातमी एवढीशीच, पण तिच्यावरून जे रामायण झालं! नवरा दुकानाचं शटर अर्धं वर करून तसाच जमिनीवर बसला आणि तिचा पुढचा पाय मांडीवर घेऊन चोळत राहिला. "काय गं बाळा, कुठे लागलं माझ्या सोन्याला?" बाहेर गिऱ्हाईक कोट हातावर घेऊन वाकून वाकून आत बघतंय, आणि आत हा साठीचा माणूस म्हाताऱ्या कुत्रीला बाळा म्हणतोय. माझ्या पाठीत उसण भरली होती तेव्हा "मलम कपाटात आहे" एवढंच म्हणाला होता.

कुत्रीचं नाव ठिगळी. अंग पांढरं आणि पाठीवर एकच तपकिरी चौकोन, घाईत लावल्यासारखा. तेरा वर्षांपूर्वी नवऱ्याने तिला मागच्या दाराने ओलीचिंब आत आणली तेव्हा मी म्हटलं होतं, "हे ठिगळ आता कोणाच्या गळ्यात बांधणार?" झालं, तेच नाव पडलं. तेव्हापासून ती काउंटरखाली, बॉयलरच्या गरम पाइपाला पाठ लावून झोपते. कामाची काडी नाही. सगळ्या दुकानात उबेची ती एकच जागा, आणि ती हिची.

९ जानेवारी

जनावरांच्या दवाखान्यात जाऊन आलो. हे एकटे गेले असते तर डॉक्टरने यांना तीन एक्स-रे आणि वर एक सोफासेट विकला असता, म्हणून मीही गेले.

काय ती माणसं, बाई गं! एका गृहस्थाने मांजर स्वतःच्या स्वेटरमध्ये कोंबलं होतं आणि तिच्याशी शेअर बाजाराबद्दल बोलत होता. माझ्या शेजारी एक बाई मांडीवर पिंजरा घेऊन बसलेली. आत ससा. म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. "याचे दात वाढत राहतात हो," मला सांगते, "दर महिन्याला घासून घ्यावे लागतात." दर महिन्याला! माझी दाढ दोन वर्षं ठणकते आहे, मी तिच्यावर एक रुपया घातलेला नाही. बाईच्या कोटाच्या बाहीवर सशाचे केस, कॉलरवर सशाचे केस. असला कोट घेऊन माझ्या काउंटरवर आली असती तर मी दुप्पट सांगितले असते.

मग आतून आवाज आला, "ठिगळीची आई कोण?" मी मागे वळून बघितलं. नवरा म्हणाला, "अगं, तुलाच बोलावतायत." अख्ख्या खोलीसमोर! कप्पाळ माझं.

डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहून लहान पोरगी. पण बोलली सरळ. हाडात गाठ आहे, कॅन्सरची. पाय खांद्यापासून काढला तर त्या पायाचं दुखणं जाईल, मग सलाइनमधून औषधं. किंवा काहीच कापायचं नाही, दुखणं दबेल अशा गोळ्या द्यायच्या, ती मजेत आहे तोवर राहू द्यायचं आणि मग शांतपणे झोपवायचं. "दोन्हीत काही चूक नाही," म्हणाली. हे सांगायची फी घेतात! मी गिऱ्हाइकाला असं सांगायला लागले तर आठवड्यात कुलूप लागेल.

छातीचा फोटो तिने दिव्यावर लावला आणि पेन एका जागी टेकवलं. "इथे बारीक ठिपका वाटतोय. तो काय आहे हे आत्ता नक्की नाही सांगता येणार." नवऱ्याने तिकडे पाहिलंच नाही, तो टेबलावर कुत्रीचे कान कुरवाळत होता. मी पाहिलं. चांगलं पाहिलं.

मुलीचा फोन. "आई, तुम्ही क्वालिटी ऑफ लाइफ बघा." बघते हं. माझी कोण बघणार आहे ते तेवढं सांग म्हटलं. हसली. मी विनोद केला नव्हता.

१० जानेवारी

इथे एक लिहून ठेवते, कारण आजचा दिवस त्याच्यावरूनच वाकडा गेला.

आमच्या दुकानात लोक माझ्या शब्दावर येतात. समोरच्या मोठ्या दुकानात काचा चकचकीत, पोरं टाय लावलेली, पण ती सगळ्याला हो म्हणतात आणि मग कपडा भोकासकट परत देतात. मी तसलं करत नाही. कपडा काउंटरवर आला की आधी उलटा करते, डाग मागून कुठवर गेलाय ते उजेडात धरून बघते, बोट फिरवते आणि मग एकच शब्द. "होईल" किंवा "नाही होणार." लग्नाचा पोशाख घेऊन रडत आलेल्या नवरीलाही मी "नाही होणार" म्हटलेलं आहे. तिची आई मला नाही नाही ते बोलून गेली, आणि पुढच्या महिन्यात घरचे सगळे पडदे माझ्याकडेच टाकले.

आज दुपारी दुकान रिकामं होतं. नवरा काउंटरच्या पलीकडच्या बाजूला, गिऱ्हाइकाच्या जागी येऊन उभा राहिला. दोन्ही हात काउंटरवर. आणि म्हणाला, "तू सांग. त्या पोरीचं मला कळत नाही, दोन्ही बरोबर म्हणजे काय? तू बघून सांग. होईल का?"

मूर्ख माणूस! कुत्री म्हणजे काय कोट आहे? मी खाली पाहिलं. ठिगळी पाइपाला टेकून झोपली होती, दुखरा पाय वेगळा काढून. म्हटलं, "होईल."

लगेच त्याचा चेहरा असा काही उजळला की मला राग आला. एवढ्याशा शब्दावर एवढं!

११ जानेवारी

कालचं डोक्यातून जात नाही. तेवढ्यात गिऱ्हाईक येईल, वाद नको, म्हणून पटकन म्हटलं. दुसरं काही कारण नाही. शिवाय पैसे नव्या बॉयलरसाठी बाजूला ठेवलेले, ते असेही पडूनच होते. बॉयलर काही अजून मेलेला नाही. शिट्टी मारतो, गळतो, पण चालतो.

१७ जानेवारी

पाय काढला. आज घरी आणली.

शी, काय ते ध्यान! एका बाजूचे केस साफ भादरलेले, टाक्यांची रांग आणि गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. भोंगा दाराच्या चौकटीला आपटला की ती माझ्याकडे बघते, जसा काही तो मीच बसवलाय. नवरा तिच्या शेजारी सतरंजी टाकून झोपणार म्हणतो. झोपा म्हटलं. तुमची उसण तुम्हाला लखलाभ.

टाके मात्र त्या पोरीने नीट घातलेत. समान अंतर, कुठे चुणी नाही. आमच्या रफूवाल्याला दाखवायला हवेत.

२९ जानेवारी

तीन पायांवर चालते. चालते म्हणजे काय, उडी, थांबा, उडी, थांबा. दुकानात सगळ्यांना ऊत आलाय. कपडे द्यायला आलेली माणसं पिशवी बाजूला ठेवून काउंटरखाली वाकतात आणि "अरे वा, शूर मुलगी" म्हणतात. शूर! तिला कोणी विचारलं होतं का? इस्त्रीवाला रोज सकाळी तिला सॅल्यूट ठोकतो. पगार देते मी, सॅल्यूट कुत्रीला.

घराच्या पायऱ्या तिला चढवत नाहीत. नवरा उचलून नेतो आणि वर पोचेपर्यंत त्याचाच श्वास फुलतो. दोघं एकदम आडवे झाले तर मी कोणाला उचलणार? म्हणून वर्षानुवर्षं न नेलेल्या कपड्यांतून एक ओव्हरकोट काढला, अस्तर उसवलं, दुहेरी करून पोटाखालून धरायचा पट्टा शिवला. मऊ सॅटिन आहे, कातडीला घासणार नाही. नवऱ्याने पट्टा बघितला आणि डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, "अहो, पायऱ्या चढा आधी."

१३ फेब्रुवारी

आज दुकानासमोरच्या रस्त्यात कबुतर उतरलं. तीन पायांची ही बया पट्टा माझ्या हातातून हिसकून त्याच्यामागे धावली! तेरा वर्षांत हिला एक कबुतर मिळालेलं नाही, आज मिळणार होतं का? तोंडावर आपटली, उठली, अंग झाडलं आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मला हसू आलं. मोठ्याने आलं. समोरच्या चकचकीत दुकानातली टायवाली पोरं काचेतून बघत होती. बघू देत मेली.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "बघ, तू म्हणाली होतीस."

२६ फेब्रुवारी

कुत्री खोकते. नवरा म्हणतो, स्टीमचा त्रास होत असेल. तेरा वर्षं झाला नाही तो आजच व्हायला लागला.

मी पाण्याचं भांडं तिच्याजवळ सरकवलं.

२ मार्च

परत दवाखाना. परत ती सशाची बाई. ससा आता खात नाही, हाताने भरवावं लागतं म्हणे, आणि ससा बोट कसं चोखतो ते तिने खरंच स्वतःचं बोट चोखून दाखवलं. लोकांना लाजा कशा वाटत नाहीत! मी तोंड वळवलं.

त्या पोरीने नवा फोटो लावला. या वेळी पेनाने दाखवावं लागलं नाही. दोन्ही फुफ्फुसांवर, कोणी चुन्याचं पाणी शिंपडल्यासारखं. पोरगी म्हणाली, आणखी एक औषध आहे, त्याने थोडा वेळ मिळू शकेल, पण आता तिला दम लागतोय, तिला रोज इथे आणून सुई टोचायची का, याचा विचार करा. खर्चही सांगितला. नवरा लगेच म्हणाला, "आपण करू. माझी बायको म्हणाली आहे, होईल म्हणून."

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. फार शहाणी आहे! मी पर्स उघडून रुमाल शोधत बसले.

रस्ताभर नवरा पैशांची जुळवाजुळव करत होता. दुकानाचं मागचं अर्धं भाड्याने देऊ, इस्त्रीचं दुसरं टेबल विकू. आणि बॉयलर फुटला तर काय, कपडे श्वासाने वाळवायचे? हे सगळं मी त्याला म्हणाले नाही. एरवी म्हणाले असते.

५ मार्च

आज लिहायचंच आहे.

सकाळी अंड्याचा पिवळा बलक हातावर घेऊन तिच्यापुढे धरला. हिने आजवर माझ्या हातातलं काही सोडलेलं नाही, उलट बोटंही खायला बघते. आज वास घेतला आणि तोंड फिरवलं. उद्धटपणे नाही हो, अगदी सभ्य माणूस "नको, पोट भरलंय" म्हणतो तसं. मग उठायला गेली आणि जागच्या जागी ओली झाली. तेरा वर्षांत तिने दुकानात एक थेंब सांडलेला नाही. तिला इतकी लाज वाटली की मान खाली घालून भिंतीकडे बघत बसली. मी पुसलं, कोमट पाण्याने तिला पुसलं, आणि तिच्यावर ओरडले. काय म्हणून ओरडले ते मला माहीत नाही.

बरगड्या भात्यासारख्या चालल्या होत्या. बसलं तरी, झोपलं तरी. मान लांब करून ती हवा ओढत होती, आणि मध्येच नवऱ्याकडे बघून शेपूट आपटत होती. त्याच्यासाठी. त्याला बरं वाटावं म्हणून. एकाच घरात दोन दोन खोटारड्या.

दुपारी नवरा बाहेर जायला निघाला, टेबल विकायच्या कामाला. मी शटर खाली ओढलं. म्हटलं, "अहो, थांबा. त्या दिवशी मी खोटं बोलले. तो ठिपका मी बघितला होता. मला तेव्हाच वाटलं होतं की हे व्हायचं नाही."

मला वाटलं, आता चिडेल, काहीतरी फेकेल. कधी फेकलं नाही, आज फेकेल. तो इस्त्रीच्या स्टुलावर बसला.

"माहीत आहे मला," म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू कपडा उलटा न करता आजवर एकदा तरी होईल म्हणाली आहेस का? त्या दिवशी तू खाली वाकलीसुद्धा नाहीस. वरूनच बघून म्हणालीस."

"मग? कळलं होतं तर पाय का कापून घेतलात तिचा?"

"तू पहिल्यांदाच माझ्यासाठी खोटं बोललीस," म्हणाला. "मला ते हवं होतं. घेतलं मी." आणि मग तो मोठा माणूस गळा काढून रडला. मला असं रडणं आवडत नाही. बायकांचं असो की बाप्यांचं. पण मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो काढायचं मला बराच वेळ सुचलं नाही.

मग तो म्हणाला, "आता नीट बघ. नीट बघून सांग."

मी जमिनीवर बसले. ठिगळीला कुशीवर वळवलं. भादरलेल्या जागी नवे मऊ केस आले होते, पाठीवरच्या चौकोनापेक्षा फिके. पोटावरून हात फिरवला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पांढऱ्या पडल्या होत्या. कान छातीला लावला. आत ओल्या कागदासारखी कुरकुर. ती माझ्या हातात गुमान पडून राहिली, तेरा वर्षं तिच्यावर ओरडत आलेल्या बाईच्या हातात. मला तिचा लळा होता. आहे. लिहून टाकलं एकदाचं.

म्हटलं, "नाही होणार."

नवऱ्याने मान हलवली. गिऱ्हाईक हलवतं तशी.

६ मार्च

त्या पोरीला घरी बोलावलं होतं, पण नवरा म्हणाला, दुकानात. तिची जागा तिथे आहे. डॉक्टर आली, कोट काढला, सरळ काउंटरखाली जमिनीवर बसली. कोट मी हँगरला लावला, बटण तुटत आलं होतं.

नवऱ्याने डोकं मांडीवर घेतलं. मी मागची बाजू धरली. बॉयलर बंद करू का म्हणून इस्त्रीवाल्याने विचारलं, मी म्हटलं खबरदार, पाइप गरमच राहिला पाहिजे. सुई गेली. बरगड्या हळू झाल्या, आणखी हळू, आणि थांबल्या. इतकं सोपं होतं. पाय कापायच्या आधीही इतकंच सोपं झालं असतं. हे माझ्या शब्दामुळे झालं की त्याच्या हट्टामुळे, ते आता कोण ठरवणार. कबुतराचा दिवस तिला मिळाला, असं डॉक्टर म्हणाली. कबुतराचं तिला कोणी सांगितलं? नवऱ्याने, दुसरं कोण. पोटात एक गोष्ट राहत नाही.

पोरगी जाताना रडली. तिला रोज हेच करायचं असतं आणि रडते! असं रडत राहिली तर म्हातारी होईल लवकर. बटण मी शिवून दिलं.

११ मार्च

गिऱ्हाइकं विचारतात, "कुठे गेली?" मी सांगते, "मेली." मग ती मलाच समजावायला लागतात की असं म्हणू नये. दुसरी आणा म्हणतात. हो, आणते हं, समोरच्या दुकानात टांगून ठेवल्यात ना!

काउंटरखालची जागा रिकामी आहे. इस्त्रीवाल्याने तिथे हँगरचं खोकं ठेवलं. मी ते लाथेने बाहेर काढलं.

१९ मार्च

आज दुकानात कोण यावं? सशाची बाई! तोच केसाळ कोट. पिशवीतून तिने एक लहानशी लोकरी चादर काढली, हातरुमालाच्या चौपट फारतर. मधोमध तपकिरी डाग.

"त्याचं औषध सांडलं हो," म्हणाली. "उद्या त्याला न्यायचंय. शेवटचं. या चादरीशिवाय तो झोपत नाही. तिच्यात गुंडाळूनच न्यावं म्हटलं. स्वच्छ असावी. होईल का?"

मी चादरीकडे पाहिलं. बाईच्या तोंडाकडे पाहिलं. आणि म्हटलं, "होईल."

नवरा आत कपडे लावत होता. तो बाहेर आला. त्याने माझ्या हाताखालून चादर काढून घेतली, उलटी केली, दारापाशी जाऊन उजेडात धरली, डागावरून बोट फिरवलं. मी हे काम करताना त्याला कधीच बघितलं नव्हतं. माझी नक्कल करतोय की काय असं वाटलं.

"ताई," तो म्हणाला, "डाग नाही जायचा. आरपार गेलाय. पण चादर स्वच्छ करून देतो. मऊ करून देतो. सकाळी लवकर या, गरम गरमच घेऊन जा."

बाई तिथेच उभी राहून रडली आणि मग चक्क हसली. "त्याला कुठे डाग दिसतोय," म्हणाली, "मोतीबिंदू आहे ना."

पैसे घेतले नाहीत, हे लिहायला नको. आमचं दुकान आता धर्मशाळा झालंय. शब्द देणार हे आणि वाफेच्या टेबलापाशी उभी मी. दोनदा धुतली, हाताने. सशाचे केस महा चिवट, चादरीतले निघून माझ्या बाहीवर बसले. ब्रश घेऊन बाही साफ केली. कॉलरवरही केस होते, ते जाड आणि पांढरे. ते सशाचे नव्हते. ब्रश खाली ठेवला.